समुपदेशन कोणी करावे? : डॉ. विक्रम पटेल यांचे संशोधन आणि त्यामागील सहकार्य

वर्गात वारंवार गैरहजर राहणारा, एकाएकी अभ्यासातून मन काढून घेतलेला किंवा परीक्षेच्या तोंडावर घरी निघून जाणारा विद्यार्थी लक्षात आला, की त्याच्याशी 'दोन शब्द बोलण्याचे' काम बहुतेक महाविद्यालयांत वर्गशिक्षकाकडे येते. कोठे त्याला 'मेंटॉर' म्हणतात, कोठे 'विद्यार्थी सल्लागार'. नाव कोणतेही असले तरी अपेक्षा एकच असते : शिक्षकाने समुपदेशकही व्हावे. ही अपेक्षा योग्य आहे का, हा प्रश्न सहसा शिक्षकांच्या बैठकीत मतांच्या जोरावर सुटतो. वास्तविक त्यावर भारतातच काटेकोर प्रयोग झाले आहेत. त्यांतील बरेचसे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि गोव्यातील 'संगथ' ही संस्था यांच्या कामातून निघाले. या संशोधनाचा क्रम पाहिला, तर शिक्षकासंबंधीचे उत्तर कसे हाती आले हेही समजते.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी पाहणे आवश्यक आहे. २०१२ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील आत्महत्यांसंबंधीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक डॉ. पटेल असून सहकाऱ्यांत प्रभात झा होते. घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारण्याच्या देशव्यापी पाहणीवर तो आधारलेला होता. त्यातील अंदाजानुसार २०१० साली देशात सुमारे १ लाख ८७ हजार व्यक्तींनी आत्महत्या केली. पुरुषांमधील सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांमधील सुमारे ५६ टक्के आत्महत्या १५ ते २९ या वयोगटातील होत्या. हे वय म्हणजे बारावी, पदवी, पहिली नोकरी आणि लग्न यांचे वय होय. पुढे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. देशात दर लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही. तज्ज्ञांची संख्या दुप्पट केली तरी ही दरी भरून निघणे अशक्य आहे, हे साध्या गणितावरून दिसते.

हरारेतील एक शब्द

डॉ. पटेल यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले. त्यानंतर ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले व लंडनमध्ये त्यांनी मानसोपचारशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे संशोधनासाठी राहिले. नैराश्य ही कल्पना पाश्चात्त्य असून आफ्रिकेतील लोकांच्या दुःखाला ती लागू पडत नसावी, अशी त्यांची त्या वेळची धारणा होती, हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. स्थानिक वैदू, परिचारिका आणि रुग्ण यांच्याशी बोलल्यावर शोना भाषेतील एक शब्द पुन्हा पुन्हा कानी पडू लागला : 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणे. हे 'फार विचार करणारे' रुग्ण आणि पाठ्यपुस्तकातील नैराश्य व चिंताविकाराचे रुग्ण बहुतांशी एकच निघाले. नाव वेगळे, कारणांची समजूत वेगळी, पण त्रास तोच. रुग्णांच्या स्वतःच्या शब्दांतून १४ प्रश्नांची एक शोना प्रश्नावली तयार झाली व १९९७ साली ती प्रसिद्ध झाली. या कामात लंडनचे अँथनी मान आणि हरारेतील चार्ल्स टॉड हे सहकारी होते.

ही प्रश्नावली संशोधकाच्या कपाटात पडून राहिली नाही. झिम्बाब्वेचे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हरारेतील दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाके ठेवून, आरोग्यसेविका म्हणून काम करणाऱ्या वयस्क स्त्रियांकडून समुपदेशन सुरू केले. २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्णांवरील त्यांच्या चाचणीचा अहवाल २०१६ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात रुग्णांची सुधारणा मोजली ती याच प्रश्नावलीने. एका अभ्यासकाचे साधन वीस वर्षांनी दुसऱ्याच्या कामी येते, हे विद्यापीठीय सहकार्याचे खरे रूप मानावे लागेल. सामंजस्य करारांवर सह्या होतानाची छायाचित्रे पुष्कळ निघतात. त्यांतून असे काही निघतेच असे नाही.

गोव्यातील पहिली दहा वर्षे

१९९६ साली गोव्यात 'संगथ'ची स्थापना झाली. कोंकणीत या शब्दाचा अर्थ साथ, सोबत. आरंभीचे संशोधन उपचारांचे नव्हते; कोणाला त्रास आहे आणि कशामुळे, हे शोधण्याचे होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारा रुग्ण 'मला नैराश्य आले आहे' असे सांगत नाही. तो अंगदुखी, झोप न येणे, अशक्तपणा सांगतो. फार तर 'टेन्शन' म्हणतो. स्त्रियांच्या बाबतीत 'अंगावरून पांढरे जाणे' ही तक्रार वारंवार येई व तिच्यावर जंतुसंसर्गाची औषधे दिली जात. गोव्यातील लोकवस्तीत झालेल्या पाहणीत या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी अधिक घट्ट असल्याचे दिसून आले. २००५ साली तो निबंध प्रसिद्ध झाला.

मेर्लिन रॉड्रिग्स व नंदिता डिसोझा यांच्यासह २००२ साली प्रसिद्ध झालेला बाळंतिणींचा अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात २७० गर्भवतींची नोंद करून त्यांना प्रसूतीनंतर पुन्हा भेटण्यात आले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यांतील ७८ टक्के स्त्रियांना गर्भारपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता, आणि निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी व नवऱ्याशी असलेले बिघडलेले संबंध ही कारणे अपेक्षित होतीच. त्यांच्या जोडीला बाळ मुलगी असणे हेही एक कारण ठरले. पुढील निबंधात अशा मातांच्या बाळांची वाढही मागे पडत असल्याचे दिसले. मानसिक आजार हा सुखवस्तूंचा आजार आहे, असे म्हणणाऱ्यांना या निबंधांनी आकड्यांत उत्तर दिले.

याच काळातील एका छोट्या निबंधाचा उल्लेख संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी करायला हवा. २००१ साली डॉ. पटेल आणि श्रीलंकेचे अथुला सुमतिपाल यांनी मानसोपचारशास्त्रातील सहा आघाडीच्या नियतकालिकांचे तीन वर्षांचे अंक तपासले. जगाची ९० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या ज्या प्रदेशांत राहते, तेथून आलेले लेखन केवळ ६ टक्के भरले. ज्ञान कोठे तयार होते आणि आजारी माणसे कोठे राहतात, यांतील हे अंतर डॉ. पटेल यांच्या पुढील सर्व कामामागे दिसते.

फसलेला प्रयोग

उपचारांचा पहिला मोठा प्रयोग २००३ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गोव्यातील ४५० रुग्णांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, तीन गट करण्यात आले. एका गटाला फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरील औषध, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषधी गुण नसलेली गोळी, तिसऱ्याला बोलून करावयाचा मानसोपचार. दोन महिन्यांनी औषधाचा गुण दिसला. मानसोपचार मात्र बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

बोलण्याने माणूस बरा होतो असे मानणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने हा निकाल अडचणीचा होता. तो दडपला गेला नाही. बाहेरून आणलेली पद्धत, रुग्णाला न कळणारी भाषा आणि दवाखान्यात पुन्हा पुन्हा येण्याची अडचण, हे सगळे पुन्हा तपासण्याची गरज त्यातून निर्माण झाली. त्याच वर्षी चिलीमध्ये रिकार्डो अराया यांनी सान्तियागोच्या गरीब वस्तीतील स्त्रियांवर टप्प्याटप्प्याच्या उपचारांचा प्रयोग यशस्वी केला होता. युगांडातील खेड्यांत स्थानिक लोकांकडून गटाने मानसोपचार करून घेण्याचा प्रयोगही २००३ सालीच प्रसिद्ध झाला. त्यात न्यूयॉर्कच्या हेलेन व्हर्डेली होत्या. पुढे हे दोघेही गोव्यातील नव्या प्रयोगाचे सहलेखक झाले.

तिसरा धडा शेजारच्या देशातून आला. अतिफ रहमान यांनी रावळपिंडीनजीकच्या ग्रामीण भागात गरोदर स्त्रियांना नैराश्यातून सावरण्याचा कार्यक्रम राबवला. तो शिकवणाऱ्या होत्या तेथील सरकारी आरोग्यसेविका, ज्या एरवी लसीकरण व बालसंगोपनाचे काम करीत. २००८ च्या निबंधानुसार सहा महिन्यांनी या गटातील २३ टक्के मातांना नैराश्य राहिले होते. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५३ टक्के होते. रहमान आणि पटेल यांचे सहकार्य नंतरही चालू राहिले. स्वमग्न मुलांच्या पालकांना घरीच प्रशिक्षण देण्याची एक चाचणी गोवा आणि रावळपिंडी अशा दोन्ही ठिकाणी एकाच आराखड्याने झाली व २०१६ साली प्रसिद्ध झाली. बाळंतिणींच्या कार्यक्रमाची, शेजारणींनीच चालवलेली आवृत्ती दोन्ही ठिकाणी तपासून तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. दोन्ही देशांच्या सरकारांत बोलणे बंद असतानाही दोन्हीकडचे संशोधक एकच तक्ता भरत होते.

आरोग्य केंद्रातील समुपदेशिका

'मानस' हे या नव्या प्रयोगाचे नाव. गोव्यातील १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने यांतील एकूण २,७९६ रुग्ण त्यात होते. समुपदेशक म्हणून नेमलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यसेवेची कोणतीही पार्श्वभूमी नव्हती. दोन महिन्यांच्या प्रशिक्षणावर त्या उभ्या राहिल्या. रुग्णाला त्रास समजावून सांगणे, गरजेप्रमाणे नातेसंबंधांवर आधारित समुपदेशन करणे आणि भेट चुकली तर पाठपुरावा करणे ही त्यांची कामे. आवश्यक तेथे दवाखान्यातील डॉक्टर औषध देत व मानसोपचारतज्ज्ञ मागे उभा असे.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातील ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले; नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही. तेथे समुपदेशन न मिळालेलेही ६५.९ टक्के बरे झाले होते. पाहणारा ओळखीचा डॉक्टर असेल आणि त्याच्याकडे थोडा वेळ असेल, तर रुग्णाला निम्मी मदत तेथेच होत असावी, असा तर्क करता येतो. सरकारी केंद्रातल्या गर्दीत हा वेळच मिळत नाही. ती उणीव समुपदेशिकेने भरून काढली.

यानंतर उपचार आणखी साधा करण्यात आला. माणूस खिन्न झाला की घराबाहेर पडणे, भेटीगाठी, आवडीची कामे सोडतो आणि त्यामुळे अधिकच खिन्न होतो. म्हणून विचार बदलण्याच्या मागे न लागता रोजच्या हालचाली थोड्या थोड्या परत सुरू करायच्या, हे या पद्धतीचे सूत्र आहे. सहा ते आठ भेटींचा हा कार्यक्रम १० आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर तपासला गेला. या रुग्णांचे नैराश्य किरकोळ नव्हते, बऱ्यापैकी तीव्र होते. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण त्यातून बाहेर आले. तुलनेच्या गटात ३९ टक्के. २०१७ च्या या निबंधाच्या लेखकांत ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न, कोलोराडोच्या सोना डिमिजियन, चेन्नईच्या लक्ष्मी विजयकुमार आणि घानाचे बेनेडिक्ट वेओबाँग यांची नावे गोव्यातील कार्यकर्त्यांच्या नावांशेजारी आहेत. त्याच अंकात अभिजित नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मद्यपी पुरुषांसाठी केलेल्या समुपदेशनाचा अहवालही आला. त्यातील यश बेताचे, ३६ विरुद्ध २६ टक्के होते.

शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा भाग देखरेखीचा आहे. समुपदेशनाच्या भेटी ध्वनिमुद्रित करून समुपदेशकांचा गट त्या एकत्र ऐकत असे व ठरलेल्या कसोट्यांवर एकमेकांना गुण देत असे. डेझी सिंगला व सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की या सहकाऱ्यांचे गुण आणि तज्ज्ञांचे गुण यांत चांगलाच मेळ होता. तात्पर्य, बिगर-तज्ज्ञ माणूस एका कार्यशाळेने तयार होत नाही. त्याचे काम दर आठवड्याला कोणीतरी ऐकावे लागते.

विदर्भ, सातारा आणि आक्षेप

महाराष्ट्रातही या कामाच्या शाखा पोहोचल्या. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ च्या निबंधात नमूद आहे. शेतकरी आत्महत्यांच्या प्रदेशात ही वाढ मोलाची असली, तरी चारांपैकी जवळजवळ तीन जण अद्याप बाहेरच होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची घरी जाऊन काळजी घेण्याची चाचणी गोवा, सातारा आणि तामिळनाडू येथे झाली व २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिचा परिणाम माफकच होता. तीव्र मानसिक आजारात बिगर-तज्ज्ञाचे काम पूरकच राहते, हे त्यावरून कळते.

या सर्व चळवळीवर टीकाही झाली आहे. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ डेरेक समरफील्ड यांनी २००८ साली असा मुद्दा मांडला, की पाश्चात्त्य निदानांच्या चौकटी जगभर लादल्या जात आहेत आणि सामाजिक दुःखाला आजाराचे लेबल लावले जात आहे. हा आक्षेप सहज झटकता येणार नाही. मुलगी झाली म्हणून खिन्न झालेल्या मातेचा प्रश्न आठ भेटींत सुटत नाही, हे गोव्यातील अभ्यासच सांगतात. पण दुःखाचे मूळ समाजात आहे म्हणून त्या मातेला आज मदत देऊ नये, हेही त्यातून निष्पन्न होत नाही.

शाळेतील प्रयोग

आता मूळ प्रश्नाकडे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी शाळांत 'सेहेर' नावाची चाचणी झाली. सचिन शिंदे पहिले लेखक, तर हेलन वाइस आणि विक्रम पटेल हे सहलेखकांपैकी होते. २०१८ साली ती 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. काही शाळांत बाहेरून नेमलेला एक बिगर-तज्ज्ञ समुपदेशक आला. काही शाळांत तेच प्रशिक्षण देऊन तेच काम तेथील एका शिक्षकावर सोपवले. उरलेल्या शाळांत सरकारचा नेहमीचा जीवनकौशल्यांचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला. कामे सारखीच होती : परिपाठाच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणे, भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांनी नाव न घालता चिठ्ठी टाकावी अशी पेटी, विद्यार्थ्यांचे गट आणि गरजूंना एकट्याने भेटणे.

आठ महिन्यांनी समुपदेशकाच्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारले होते. नववीच्या विद्यार्थ्यांतील नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. मुलगा-मुलगी समानतेविषयीची मते बदलली. शिक्षकाकडे काम सोपवलेल्या शाळांत आणि काहीच न केलेल्या शाळांत मात्र फरक आढळला नाही. सतरा महिन्यांनंतरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२० साली आले. समुपदेशकाच्या शाळांतील फरक तोपर्यंत आणखी वाढला होता. शिक्षकांच्या शाळा होत्या तेथेच होत्या.

या निकालाने शिक्षकांची नालायकी सिद्ध होत नाही. तासिका, उत्तरपत्रिका, जनगणना आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या माणसाकडे आणखी एक काम दिले, एवढे मात्र सिद्ध होते. दुसरी अडचण अधिक खोल असावी. ज्याच्या हातात हजेरी आणि गुण आहेत, त्याच्यापाशी विद्यार्थी घरची मारहाण किंवा स्वतःच्या मनातले मरणाचे विचार सहसा उघड करत नाही. प्रेमळ शिक्षकाच्या बाबतीतही हे खरे ठरते. त्याच्या मनातील आपली प्रतिमा बिघडू नये असेच विद्यार्थ्याला वाटते. अडचणीतला विद्यार्थी कोण, हे मात्र शिक्षकाइतके लवकर दुसऱ्या कोणाला दिसत नाही.

समुपदेशक नेमला की सगळे साधते असेही नाही. दिल्लीच्या गरीब वस्त्यांतील शाळांत सुमारे २५० किशोरवयीनांवर झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला प्रश्न सोडवण्याची पद्धत शिकवणाऱ्या पुस्तिका दिल्या. दुसऱ्या गटाला पुस्तिकांबरोबर समुपदेशकही दिला. विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेल्या मुख्य अडचणी समुपदेशकाच्या गटात अधिक कमी झाल्या. मानसिक लक्षणांच्या सर्वसाधारण मोजणीत मात्र दोन्ही गट सारखेच निघाले.

२५ जुलै २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर दुवा ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. अनेक महाविद्यालयांत या सूचनेची पूर्तता एखाद्या प्राध्यापकाच्या नावापुढे कंसात 'समुपदेशक' असे लिहून होण्याचा संभव आहे. नालंदा जिल्ह्यातील तिसऱ्या भागाच्या शाळांत याहून पुष्कळ अधिक केले गेले होते : त्या शिक्षकांना प्रशिक्षण होते, साहित्य होते, पाठपुरावाही होता.